४८ मतांचा निकाल आणि फेरमोजणीची मागणी: वेळ नेमकी कोणती, कागद नेमका कोणता?

जोगेश्वरीकर:

४ जून २०२४ रोजी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला, त्याला आता बराच काळ लोटला. तरी आमच्या इमारतीच्या गच्चीवर, रिक्षाथांब्यावर आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या निकालाचा वाद मिटलेला नाही. वाद केवळ पक्षांचा असता तर मी हा धागा काढला नसता. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मनात ‘फेरमोजणी’ या शब्दाचा अर्थच वेगवेगळा आहे, असे माझ्या ध्यानात आले, म्हणून हा प्रपंच.

आधी आकडे मांडतो. शिवसेनेचे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मते मिळाली आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. यातली केवळ मतदान यंत्रांतली मते पाहिली, तर कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मते पडली. सहा विधानसभा क्षेत्रांतल्या नऊ लाखांहून अधिक मतदारांनी यंत्रावर दिलेला कौल जवळजवळ बरोबरीत सुटला आणि खासदार कोण हे पाकिटांतून आलेल्या तीन हजारांच्या आसपास कागदांनी ठरवले. (कीर्तिकरांचे वडील गजानन कीर्तिकर हेच त्या वेळी येथील मावळते खासदार होते आणि ते शिंदे यांच्या शिवसेनेत होते. एवढ्या चुरशीच्या निकालाला घरातलाच हा पीळ असावा, याचे मला अजून नवल वाटते.)

माझे प्रश्न दोन आहेत. फरक इतका कमी असताना फेरमोजणी आपोआप का होत नाही? आणि उमेदवाराने मागणी केली, तर ती मान्य करण्याचे बंधन कोणावर असते? जाणकारांनी आपले अनुभव सांगावेत, ही विनंती. यंत्रे खरी की खोटी, हा विषय येथे नको. त्यावर स्वतंत्र धागे भरपूर आहेत.

टेबल_नऊ:

जोगेश्वरीकर, मी शासकीय सेवेत असताना चार वेळा मतमोजणी पर्यवेक्षक म्हणून काम केले आहे. आपल्या मतदारसंघात नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यात. त्यामुळे त्या दिवशी मोजणी झाली त्या नेस्कोच्या सभागृहात काय घडले हे मी सांगू शकत नाही. मात्र टेबलावर काय घडते ते सांगू शकतो, कारण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते सहसा दिसत नाही.

एका विधानसभा क्षेत्राला साधारणपणे चौदा टेबले असतात आणि एका फेरीत चौदा मतदान केंद्रांची कंट्रोल युनिटे (मतदान यंत्राचा मते साठवणारा भाग) टेबलांवर येतात. जाळीपलीकडे प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी बसतो. पर्यवेक्षक मोहोर दाखवतो, केंद्राध्यक्षाने मतदान संपताना भरलेल्या नमुना १७-सी मधील एकूण मतांशी यंत्रावरची एकूण मते जुळवतो आणि निकालाचे बटण दाबतो. उमेदवारवार आकडे एकामागून एक उमटतात. ते १७-सीच्या दुसऱ्या भागात लिहायचे, प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या आणि कागद सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे पाठवायचा. तेथे सर्व टेबलांची बेरीज होते, संगणकावर भरली जाते आणि फळ्यावर लिहिली जाते.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. कंट्रोल युनिटचे बटण दहा वेळा दाबले तरी आकडा तोच येणार. त्यामुळे जुन्या मतपत्रिकांच्या काळात ज्याला फेरमोजणी म्हणत असत, म्हणजे गठ्ठे सोडायचे, प्रत्येक कागद उजेडात धरायचा आणि शिक्का दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर पडला आहे का यावर वाद घालायचा, ती यंत्रांच्या बाबतीत आता उरलेली नाही. वाद उरतो तो तीन ठिकाणी. पहिले ठिकाण यंत्रावरून कागदावर आणि कागदावरून संगणकावर आकडा जाताना होणारी चूक. दुसरे, सुरुवातीचे अभिरूप (चाचणीचे) मतदान पुसायचे राहून गेलेली किंवा निकालच न दाखवणारी यंत्रे. ती बाजूला ठेवली जातात आणि गरज पडल्यास त्यांच्या व्हीव्हीपॅटमधील, म्हणजे मत कोणाला दिले ते छापणाऱ्या जोडयंत्रातील, चिठ्ठ्या मोजतात. तिसरे ठिकाण टपाली मते. खरे भांडण बहुतेक वेळा या तिसऱ्या ठिकाणीच होते, कारण तेथे अजूनही माणसाच्या हाताचा आणि डोळ्याचा संबंध आहे.

टपाली मताची रचना पाहा. बाहेरचे पाकीट १३-क, त्यात १३-अ हे घोषणापत्र आणि आतले लहान पाकीट १३-ब, ज्यात मतपत्रिका असते. आधी बाहेरचे पाकीट उघडून घोषणापत्र पाहतात. त्यावर मतदाराची सही नसेल, साक्षांकन नसेल किंवा त्यावरील मतपत्रिकेचा क्रमांक आणि आतल्या पाकिटावरचा क्रमांक जुळत नसेल, तर आतले पाकीट न उघडताच बाद होते. त्यात मत कोणाला होते, हे कोणालाच कळत नाही. सांगायला वाईट वाटते, परंतु अशा बाद पाकिटांत निवडणुकीच्या कामावर असलेल्या आमच्याच कर्मचारी बांधवांची पाकिटे बरीच असतात. तीन तीन प्रशिक्षणांत घोषणापत्र कसे भरावे हे इतरांना शिकवणारे गुरुजी स्वतःची सही विसरलेले मी पाहिले आहेत.

मीठभाकर:

टेबल_नऊ यांनी सारे सरळ असल्यासारखे मांडले आहे. मी एका पक्षाचा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून जाळीच्या अलीकडे बसलेलो आहे आणि मला ते इतके सरळ दिसलेले नाही. सकाळी सहाला आत गेलेला माणूस संध्याकाळी सातपर्यंत एका खुर्चीवर बसतो. मोबाइल बाहेर जमा केलेला असतो, हातात पक्षाने दिलेला छापील तक्ता असतो आणि पेनाची शाई संपली तर पोलिसाकडे मागावी लागते. आपल्या टेबलावरचा आकडा आपल्याला कळतो. परंतु बेरजेच्या टेबलाजवळ कोणाला बसू दिले जाते आणि कोणाला नाही, यावरच पुढचा सगळा विश्वास अवलंबून असतो.

मुंबई उत्तर-पश्चिमच्या निकालानंतर ठाकरे गटाची तक्रार नेमकी याच ठिकाणची होती. एकोणिसाव्या फेरीनंतर फेरीवार आकडे वेळच्या वेळी सांगितले गेले नाहीत, सहायक अधिकाऱ्यांच्या टेबलाजवळ आमच्या प्रतिनिधींना बसू दिले नाही आणि आमच्या बेरजेत व त्यांच्या बेरजेत ६५० मतांची तफावत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे की खोटे याचा निवाडा मी करत नाही. परंतु ४८ मतांच्या निकालात ६५० चा आक्षेप येतो, तेव्हा त्याच जागी, सर्वांसमोर, सर्व टेबलांचे १७-सी पुन्हा जुळवायला किती वेळ लागला असता? दोन तास? चार तास? पाच वर्षांच्या खासदारकीपुढे चार तास जास्त होते का?

आणि मोबाइलचे काय? ज्या सभागृहात आम्हाला साधे घड्याळही संशयाने पाहून आत नेऊ देतात, तेथे विजयी उमेदवाराच्या नातेवाइकाने मोबाइल वापरला म्हणून वनराई पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. याला काय म्हणायचे?

जोगेश्वरीकर:

मीठभाकर, मोबाइलच्या मुद्द्यावर थोडी काळजी घेऊ या. तेव्हा एका इंग्रजी दैनिकात त्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने मतदान यंत्र उघडले, अशा अर्थाची बातमी आली होती. निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी पत्रकार परिषद घेऊन ती खोडून काढली. मतदान यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते, त्याला ओटीपी लागत नाही. ओटीपी येतो तो आकडे संगणकावर भरण्याच्या ‘एन्कोर’ प्रणालीत लॉगिन करण्यासाठी, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. त्या दैनिकानेही नंतर चूक मान्य केली. मोबाइल आत असणे हा नियमभंग आहेच. परंतु नियमभंग झाला म्हणजे आकडा बदलला, असे आपोआप सिद्ध होत नाही. आमच्या गच्चीवर मात्र या दोन गोष्टींची सरमिसळ झाली ती झालीच.

सनदशीर:

मी वकिली करते आणि निवडणूक याचिकांचे थोडे काम पाहिलेले आहे. मूळ प्रश्नांची उत्तरे नियमातच आहेत, म्हणून तेवढी सांगते.

आपल्याकडे कमी फरकासाठी आपोआप फेरमोजणीचा नियम नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ६३ असे सांगतो की, मोजणी पूर्ण झाल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने प्रत्येक उमेदवाराची एकूण मते नमुना २० मध्ये नोंदवून ती जाहीर करायची. यानंतर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी लेखी अर्ज करून फेरमोजणी मागू शकतो, आणि त्यात कारणे दिली पाहिजेत. अधिकारी तो अर्ज पूर्ण मान्य करील, अंशतः मान्य करील किंवा तो उथळ अथवा गैरवाजवी वाटल्यास फेटाळील. मात्र निर्णय लेखी आणि सकारण हवा. म्हणजे मागणी मान्य करण्याचे बंधन नाही, विचार करून कारण देण्याचे बंधन आहे. अधिकाऱ्याने नमुना २० वर सही केली की त्यानंतर असा कोणताही अर्ज घेता येत नाही. आणि त्याच नियमात एक परंतुक आहे: हजर असलेल्या उमेदवारांना व प्रतिनिधींना हा हक्क बजावण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही.

सगळा झगडा या ‘वाजवी संधी’च्या पोटात आहे. एकूण मते जाहीर होणे आणि सही होणे यांच्यामध्ये एक लहानशी फट असते. तिच्यात अर्ज पडला तर तो फेरमोजणीचा अर्ज. सहीनंतर पडला तर तोच कागद केवळ निषेधाचे पत्र होतो. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये फेरमोजणीची लेखी मागणी निकाल जाहीर झाल्यानंतर आली, अशी निवडणूक यंत्रणेची बाजू होती; आपल्याला संधीच दिली गेली नाही, अशी कीर्तिकरांची. आयोगाच्या पुस्तिकेत याबाबत चांगली सूचना आहे. एखाद्याने अर्ज द्यायचा आहे असे सांगितले, तर त्याला किती वेळ हवा ते विचारावे आणि किती वाजून किती मिनिटांपर्यंत थांबणार हे जाहीर करावे. ती पाळली आणि तिची नोंद ठेवली, तर निम्मे वाद जागीच मिटतील.

एक गोष्ट मात्र आपोआप होते. विजयाचा फरक बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्यापूर्वी बाद मतांची फेरपडताळणी सक्तीची आहे. येथे बाद टपाली मते १११ होती आणि फरक ४८, म्हणजे हा प्रसंग त्या सूचनेत बसतो, आणि ती फेरपडताळणी केली गेली. ही फेरपडताळणी आणि संपूर्ण फेरमोजणी यांत लोकांची गल्लत होते. ‘फेरमोजणी झाली’ असे म्हणणारे पहिलीबद्दल बोलत असतात आणि ‘झालीच नाही’ म्हणणारे दुसरीबद्दल. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि म्हणूनच भांडण संपत नाही.

अटलांटिकपार:

मी न्यू जर्सीत राहतो. येथे अनेक राज्यांत फरक ठरावीक टक्क्याच्या आत आला की फेरमोजणी आपोआप होते, परंतु त्याने वाद टळतात असे समजू नका. २००० साली फ्लोरिडात फरक अर्ध्या टक्क्याहून कमी होता, म्हणून यंत्रावरची फेरमोजणी कायद्यानेच झाली. तरी वाद पेटला. छिद्र पाडायच्या मतपत्रिकेतला कपटा पूर्ण सुटला की लोंबकळत राहिला, यावर अधिकारी भिंगातून कागद पाहत बसले होते. प्रत्येक परगण्याची मोजपट्टी वेगळी होती. शेवटी १२ डिसेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने फेरमोजणी थांबवली आणि जाहीर झालेल्या ५३७ मतांच्या फरकाने जॉर्ज बुश ते राज्य व त्यासोबत अध्यक्षपदही जिंकले. मत वैध कशाला म्हणायचे, हे मोजणीआधी ठरलेले नसेल तर फेरमोजणी कितीही वेळा करा, दर वेळी वेगळा आकडा येईल. टेबल_नऊ यांनी सांगितलेल्या टपाली पाकिटांना हेच लागू होते.

पाटावरपोळी:

आपण सगळे लोकसभेच्या उंचीवरून बोलत आहात. मी तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे आणि ग्रामपंचायतीच्या मोजणीला तहसील कार्यालयात तीनदा काम केले आहे. तेथे एका प्रभागात चारशे मते असतात आणि दोन-चार मतांचा फरक ही रोजची गोष्ट असते. लोकसभेला उमेदवार वकिलाला विचारतो. ग्रामपंचायतीला हरलेल्या उमेदवाराची आई तहसीलदारांच्या दारात बसून राहते. फेरमोजणी म्हणजे काय, असे मला एकदा एका आजींनी विचारले. मी सांगितले, “आजी, बटण पुन्हा दाबून दाखवतात.” त्या म्हणाल्या, “मग ते तर पाठच झालंय त्याला.” यावर मला उत्तर सुचले नाही.

आपल्या राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसतो. लोकसभा-विधानसभेला निदान प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या, चिठ्ठी टाकून निवडून, मोजून पाहतात. गावात तेही नाही. सनदशीर ताई, अशा वेळी हरलेल्याने जायचे कोठे?

सनदशीर:

पाटावरपोळी, ग्रामपंचायतीसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो आणि त्यांना मतांची छाननी व मोजणी करण्याचे अधिकार आहेत. लोकसभा-विधानसभेसाठी ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. संविधानाच्या अनुच्छेद ३२९ मुळे याचिकेशिवाय दुसरा दरवाजा नाही.

आपल्या आजींच्या शंकेशी जुळणारे एक प्रकरण हरियाणात घडले. पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू या गावाची सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. एका मतदान केंद्रावरील दोन उमेदवारांचे आकडे लिहिताना अदलाबदल झाली, असा वाद होता. तो शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि न्यायालयाने यंत्रे दिल्लीत मागवून आपल्या निबंधकांकडून सर्व केंद्रांची मोजणी करून घेतली, तीही दोन्ही पक्षांसमोर, चित्रीकरणासह. ३,७६७ मतांपैकी तक्रारदाराला १,०५१ आणि पदावर बसलेल्या सरपंचाला १,००० मते निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे मुदत अर्ध्याहून अधिक सरल्यावर, खरा विजेता पदावर बसला. यंत्राला पाठ झालेले बरोबरच होते. चुकला होता तो कागद. म्हणून बटण पुन्हा दाबणे अगदीच निरुपयोगी नसते.

मीठभाकर:

मग हाच न्याय कीर्तिकरांना का मिळाला नाही? मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका पुराव्यापर्यंत न जाताच फेटाळली, हे खरे आहे ना?

सनदशीर:

खरे आहे. न्यायमूर्ती संदीप मारणे यांनी डिसेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली. कारण थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

याचिकेत एक मुद्दा तोतया मतदारांचा होता. ३३३ जणांच्या नावावर दुसऱ्यांनीच मत दिल्याचा आरोप होता. आपण केंद्रावर गेलो आणि आपल्या नावावर आधीच मतदान झालेले निघाले, तर ओळख पटल्यावर नियम ४९-पी प्रमाणे आपल्याला कागदी मतपत्रिका मिळते. तिला प्रदत्त मत म्हणतात. ती वेगळ्या पाकिटात मोहोरबंद होते आणि मोजणीच्या दिवशी मोजली जात नाही. ४८ च्या फरकापुढे ३३३ हा आकडा मोठा वाटतो. परंतु लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १०० खाली निवडणूक रद्द व्हायची, तर अवैध मते पडली एवढे पुरत नाही. त्यामुळे विजयी उमेदवाराच्या निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, हे नेमक्या तथ्यांसह याचिकेतच मांडावे लागते. ती तोतया मते वायकरांनाच गेली, असे ठामपणे मांडलेले नव्हते. तशी मांडणी नसेल तर न्यायालय पाकिटे उघडायला लावत नाही.

ही कठोरता नवी नाही. १९६४ च्या राम सेवक यादव प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे की, काहीतरी हाती लागेल या आशेने मतपत्रिका उघडायला लावता येणार नाहीत, कारण मताची गुप्तता फरकाच्या लहानपणामुळे कमी होत नाही. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात २००८ साली सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे एका मताने हरले. त्या वादातही २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की, याचिकेत न मांडलेल्या प्रदत्त मतांचा मुद्दा उच्च न्यायालयाने स्वतःहून काढू नये. एका मताचा फरक असतानासुद्धा!

माझे वैयक्तिक मत विचाराल, तर हा नियम मतपत्रिकांच्या काळात योग्य होता, आज तो फार आवळलेला वाटतो. हरलेल्या उमेदवाराकडे नेमकी तथ्ये यायची कोठून? १७-सीच्या प्रती त्याच्याकडे असतात, परंतु चित्रीकरण यंत्रणेकडे असते. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून इलेक्ट्रॉनिक नोंदी सर्वांना पाहण्यावर मर्यादा आणली गेली आणि मे २०२५ मध्ये आयोगाने, याचिका दाखल झाली नसेल तर, चित्रीकरण ४५ दिवसांपर्यंतच जपण्याच्या सूचना दिल्या. एकीकडे नेमके सांगा म्हणायचे आणि दुसरीकडे ज्यातून नेमके कळेल तेच लवकर पुसायचे, हे मला पटत नाही. कर्नाटकातल्या मालूरमध्ये २०२३ ची निवडणूक २४८ मतांनी ठरली होती. तेथे मोजणीचे चित्रीकरण न्यायालयापुढे आलेच नाही, आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द करून फेरमोजणीचा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी होऊ दिली, मात्र तिचा निकाल सीलबंद ठेवायला सांगितले. चित्रीकरण नसणे हेच तेथे कारण ठरले, हे लक्षात घ्या.

टेबल_नऊ:

सनदशीर यांच्या नाराजीशी मी बराचसा सहमत आहे, मात्र एक गोष्ट उमेदवारांच्या पदरातही घालतो. आमच्या टेबलांवर बसणारे निम्मे प्रतिनिधी १७-सीची प्रत न घेता उठतात. दुपारनंतर आपला उमेदवार मागे पडला की खुर्च्या रिकाम्या होतात. संध्याकाळी फरक शेकड्यावर येतो, तेव्हा कोणाकडेच पूर्ण संच नसतो. ६५० ची तफावत सिद्ध करायची असेल, तर प्रत्येक टेबलाचा, प्रत्येक फेरीचा, सही असलेला कागद हवा. छापील तक्त्यावर घाईत लिहिलेला आकडा चालत नाही.

टपाली मतांच्या वेळेबद्दलही सांगायला हवे. आठ वाजता टपाली आणि साडेआठला यंत्रे सुरू होतात. टपाली मोजणी रेंगाळली, तर यंत्रांचा कौल सगळ्यांना कळलेला असतो आणि त्यानंतर उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर शंभर डोळे लागतात. एका मताने पुढे असलेला उमेदवार टपाली मतांनी मागे पडला, तर त्याला ते कधी पटेल का? सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही, असे ठरवले. हे आधीच व्हायला हवे होते. बंगळुरूच्या जयनगरात मे २०२३ मध्ये काय झाले, ते आठवा. आधी काँग्रेसच्या सौम्या रेड्डी पुढे असल्याचे सांगितले गेले, मग बाद टपाली मतांचा फेरविचार झाला आणि रात्री उशिरा भाजपचे सी. के. राममूर्ती १६ मतांनी विजयी झाले. बाहेर आंदोलन, आत फेरमोजणी. पक्ष उलटे, तक्रार तीच.

अटलांटिकपार:

आणि फरक शून्य आला तर?

जोगेश्वरीकर:

याचे उत्तर मुंबईतच आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत गिरगावच्या प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. फेरमोजणी झाली, तरी बरोबरी सुटेना. शेवटी एका लहान मुलीच्या हातून चिठ्ठी काढली गेली आणि शाह नगरसेवक झाले. गंमत अशी की, या निकालावर ४८ मतांच्या निकालाएवढी कडवट चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. चिठ्ठी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघाली, म्हणून असेल का?

मीठभाकर:

असेल. डब्यात हात घालणारी मुलगी दिसते; बेरजेचे टेबल दिसत नाही.

एक विचारायचे राहिले. २०२४ च्या विधानसभेनंतर आमच्या भागातल्या हरलेल्या उमेदवाराने पैसे भरून ‘फेरमोजणी’ मागितली होती. एका यंत्रसंचाला ४७,२०० रुपये. कार्यकर्त्यांनी वर्गणी काढली. नंतर कळले की, त्यात मते मोजणार नाहीत. मग पैसे कशाचे घेतले?

सनदशीर:

ती फेरमोजणी नव्हतीच, आणि हा गैरसमज राज्यभर झाला. एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची (आतल्या चिपची) तपासणी मागण्याची मुभा दिली. यंत्रात फेरफार झाला आहे का, एवढेच त्यात पाहायचे. चाळीस हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे ते तेव्हा ४७,२०० झाले. आयोगाच्या पहिल्या पद्धतीत यंत्रावर अभिरूप मतदान घेऊन दाखवत असत. मूळ निवडणुकीचा विदा (डेटा) त्यात पुसला जातो, अशी तक्रार गेल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने विदा पुसू नका, असे सांगितले. आपल्या कार्यकर्त्यांना अर्ज भरताना हे कोणी समजावून सांगितले नाही, याचे मला वाईट वाटते. २०२४ ला मालेगाव मध्यमध्ये फरक १६२ मतांचा होता आणि साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले. अशा जागी हरलेल्याला हवी असते ती मोजणी. यंत्राची प्रकृती तपासून त्याचे समाधान कसे होणार?

जोगेश्वरीकर:

टेबल_नऊ, शेवटची विचारणा. आपल्या चार मोजण्यांत नियम ६३ चा अर्ज प्रत्यक्ष आलेला आपण पाहिला आहे का?

टेबल_नऊ:

एकदा. विधानसभेची निवडणूक होती, फरक काही शेकड्यांचा. आमच्या अधिकाऱ्यांनी माईकवर एकूण मते वाचली आणि विचारले, “कोणाला अर्ज द्यायचा आहे का?” हरणाऱ्या उमेदवाराचे प्रतिनिधी, साठीचे गृहस्थ, उठले आणि म्हणाले, “द्यायचा आहे, पण कागद नाही.” अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून सांगितले की, सात वाजून वीस मिनिटांपर्यंत आपण थांबू. मी माझ्या टेबलावरचा फेरीचा कोरा तक्ता त्यांना दिला. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून सहा ओळी लिहिल्या: अकराव्या फेरीतील दोन टेबलांचे आकडे आमच्या नोंदीशी जुळत नाहीत, ते पुन्हा दाखवावेत. सात अठराला अर्ज दिला. अधिकाऱ्यांनी अंशतः मान्य, असा लेखी शेरा मारला. ती दोन कंट्रोल युनिटे पुन्हा टेबलावर आली आणि बटण दाबले गेले. एका यंत्रावरचा आकडा कागदाशी तंतोतंत जुळला. दुसऱ्यावर त्यांच्याच प्रतिनिधीने ६१ च्या जागी १६ टिपले होते. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तो आकडा स्वतः वाचला आणि १७-सीवर सही केली. सात चाळीसला निकाल जाहीर झाला.